न्हाणीघरातील आरसा

आरसा विकत घेताना आपण त्याची चौकट पाहतो, किंमत पाहतो आणि जाताजाता त्यात स्वतःलाही पाहून घेतो. तो कोठे आणि किती उंचीवर लागणार, हा विचार मात्र बहुधा सुताराच्या हाती खिळा आल्यावर सुरू होतो. दिवाणखान्यात ही हयगय खपून जाते. न्हाणीघर पाच फूट लांब आणि चार फूट रुंद असले म्हणजे ती खपत नाही. कारण तेथे आरशाला जागा एकच असते, आणि ती चुकली की घरातल्या कोणाला तरी रोज सकाळी त्याचा जाच होतो. श्रोतेहो, एवढ्याच विषयावर आज मला बोलावयाचे आहे.

दिल्लीत सरकारी नोकरी करणाऱ्याला या विषयाचा अभ्यास विनासायास घडतो. सरोजिनीनगर, नेताजीनगर, आणि मराठी कानाला विशेष जवळचे वाटणारे लक्ष्मीबाईनगर या वसाहती स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळशी घरे गेल्या काही वर्षांत पाडली गेली आणि त्यांच्या जागी बहुमजली इमारती उठल्या. घर जुने असो वा नवे, त्यात बिऱ्हाडे मात्र येत-जात राहतात. नव्याने ताबा मिळालेल्या घरात बेसिनच्या वरची भिंत एकदा नीट न्याहाळावी. तेथे खिळ्यांची आणि स्क्रूंची भोके असतात. काही पुट्टीने बुजविलेली, काही तशीच उघडी. पूर्वीच्या बिऱ्हाडांचे ते दप्तरच म्हणावयाचे! त्यातील बहुतेक भोके उंच पुरुषाच्या मापाची असतात, कारण भिंतीला भोक पाडणारा तोच असतो. घरातल्या सर्वांत ठेंगण्या माणसाच्या मापाचे भोक मला अद्याप आढळलेले नाही.

आता थोडे गणित. ते शाळेतलेच आहे, तेव्हा भिऊ नये. सपाट आरशातील प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते, जितके आपण त्याच्या पुढे असतो. म्हणून डोळा आणि प्रतिमा यांना जोडणारी रेषा आरशाला बरोबर अर्ध्यावर छेदते. याचा अर्थ असा की स्वतःची कोणतीही गोष्ट पाहण्यास तिच्या निम्म्या लांबीचा आरसा पुरतो. चेहरा हनुवटीपासून टाळूपर्यंत चोवीस सेंटिमीटर धरला, तर काच बारा सेंटिमीटर हवी. आणखी एक गोष्ट यातून निघते, आणि ती ऐकून पुष्कळांना नवल वाटते. 'न्हाणीघर लहान, मागे सरकायला जागा नाही, म्हणून पुरते दिसत नाही,' असे आपण म्हणतो. उभा लावलेला आरसा असेल तर मागे सरकून अधिक काही दिसत नाही. जेवढे अंग हातभर अंतरावरून दिसते, तेवढेच दहा फुटांवरून. तेव्हा लहान न्हाणीघराचे खरे दुखणे जागेची टंचाई हे नव्हे. आरसा चुकीच्या उंचीवर असणे, हे आहे.

माझी आई साताऱ्याहून वडिलांबरोबर आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती आणि पाठीला थोडा बाक आला होता. आधीच्या बिऱ्हाडाने लावलेला आरसा भिंतीवर तसाच होता. चार दिवसांनी ती म्हणाली, "अरे, तुझ्या या आरशात मला माझा भांग तेवढा दिसतो. कुंकू मी आपली अंदाजानं लावते." मी फूटपट्टी घेऊन मोजले. आरशाची खालची कड जमिनीपासून १४१ सेंटिमीटरवर होती, तिचे डोळे १३८ वर. मघाचा हिशेब लावला, तर १४४ सेंटिमीटरच्या खालचे काहीच तिला दिसणे शक्य नव्हते. आणि कुंकवाची जागा होती १४२ वर. अवघ्या दोन सेंटिमीटरांनी ती हुकत होती. त्यासाठी ती ओल्या फरशीवर चवड्यांवर उभी राहत असे, हे कळले तेव्हा मात्र मला हसू आले नाही. त्या वयात खुब्याचे हाड मोडले म्हणजे काय होते, ते घरोघर ठाऊक आहे.

उपाय अगदी साधा निघाला. पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा तोच आरसा दहा सेंटिमीटर खाली आणला. आता तो १३१ पासून १७६ पर्यंत आला. माझे डोळे १६२ वर आहेत. मला चेहऱ्यासाठी १५६ ते १६८ एवढीच काच लागते, म्हणजे माझे काडीचेही नुकसान झाले नाही. उंच माणसाला आरशाचा वरचा भाग लागतो असे वाटते, पण त्यातील बराचसा भाग समोरची भिंतच दाखवीत असतो. म्हणून माझे मत असे की मोजणी घरातील सर्वांत कमी उंचीच्या मोठ्या माणसापासून सुरू करावी आणि मग उंच माणूस त्यात मावतो की नाही ते पाहावे. बहुधा तो मावतो.

मुलांची गोष्ट निराळी. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीवर असतात. त्यांच्यासाठी बेसिनवरचा आरसा तितका खाली आणला, तर नळाचे शिंतोडे सारे त्यावरच. त्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर एक अरुंद, उभी पट्टी लावावी. म्हणजे बादली उपडी घालून तिच्यावर चढण्याचे पराक्रम थांबतात. भिंतीत नवे भोक पाडावयाचे नसेल, तर जुन्या लोकांची युक्ती आहे: आरशाची वरची कड थोडी पुढे कलती ठेवावी. दहा अंशांचा कल दिला, तर साठ सेंटिमीटरवर उभ्या असलेल्या माणसाला आरसा सुमारे दहा सेंटिमीटर खाली आणल्यासारखा उपयोगी पडतो.

उजेडाविषयी थोडक्यात सांगतो. दिवा आरशावर पडावयाचा नसतो, चेहऱ्यावर पडावयाचा असतो. डोक्यावरच्या एकुलत्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मनुष्य आहे त्याहून दहा वर्षांनी थकलेला दिसतो. दिवा आरशाच्या दोन्ही बाजूंना, निदान त्याच्या वरच्या कडेशी असावा. खिडकी आपल्या पाठीशी येईल असा आरसा लावू नये, चेहरा काळवंडतो. लहान खोली मोठी भासावी म्हणून संपूर्ण भिंतीला आरसा लावण्याची हौस हल्ली पुष्कळ दिसते. लाल किल्ल्यातील रंगमहालाच्या कडेच्या दालनांत छताला आरशाचे तुकडे जडविले होते, ते दिव्यांची ज्योत शतगुणित व्हावी म्हणून. आपल्या न्हाणीघरात शतगुणित होण्याजोगे काय असते? एक बादली, एक तांब्या आणि साबणाची वडी! आरशामागे कपाट असलेला प्रकार सोयीचा खरा; पण तो भिंतीपासून वीतभर पुढे येत असेल, तर चूळ भरण्यास वाकताना कपाळाला त्याची भेट ठरलेली.

काच निवडताना ती तिरकी धरून खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब पाहावे. गज वाकडे झाले की काच सदोष. आरशाच्या पाठीवर चांदीचा अतिपातळ थर असतो. ज्या रासायनिक क्रियेचे वर्णन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३५ साली केले, तिच्यातून ही कला पुढे आली. त्याआधी कथील आणि पारा वापरीत. या चांदीला ओलाव्याचे वावडे आहे. पाठीवरचा रंग तिला राखतो, पण कापलेल्या कडा उघड्या राहतात. तेथून दमट हवा आत शिरते आणि काळे डाग कडेकडून मध्याकडे सरकू लागतात. म्हणून कडा सिलिकोनने बंद करून घ्याव्यात; मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकोन नको, त्यातील आम्ल चांदीला बाधते. आरसा आणि भिंत यांत अर्ध्या बोटाची फट ठेवावी, हवा खेळती राहते. कोटला मुबारकपूरच्या बाजारात काच कापून देणारे कारागीर आहेत. त्यांच्याशी बोलताना 'शीशा' म्हणावे लागते. आपला 'आरसा' मात्र संस्कृत 'आदर्श' या शब्दापासून आलेला आहे, आणि त्या भाषेत 'आदर्श' म्हणजे मुळात आरसाच होय.

राहता राहिली वाफ. कोकणातल्या न्हाणीघरात तिचा एवढा त्रास नाही. दिल्लीच्या पौष-माघात मात्र भिंत आणि काच गारठलेली असते, आणि गरम पाण्याची पहिली बादली भरली की आरसा पांढरा होतो. झरोका आधी उघडून ठेवावा. तरीही काच धुकटली, तर पुसण्यापूर्वी मुलांना हाक मारावी, एक डोळा मिटावयास सांगावा आणि वाफेवर बोटाने आपल्याच चेहऱ्याची कड गिरवावयास लावावे. मग ती आकृती फूटपट्टीने मोजू द्यावी. ती चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल.