आमचा साग, आपला साग

एटापल्लीचा माणूस परगावी पाहुणा गेला, की आधी दारावर टिचकी मारून म्हणतो, "हा आमच्याकडचाच साग बरं!" दार आंब्याचं निघालं तरी हा ऐकतोय कुठला!

कोरियातही अशीच गंमत. तिथं एकुलता एक मुलगासुद्धा 'माझी आई' न म्हणता 'आमची आई' म्हणतो. देशही 'आमचा देश'.

आपल्या मराठीत मात्र शब्द दोन. 'आमचा' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपला' म्हटलं की तोही घरात येतो.

शेजारच्या आलापल्लीचं जुनं सागाचं वन १९५३ साली राखून ठेवलं, म्हणून आजही उभं आहे. गुरुजी, मुलांना ते दाखवा. साग 'आमचा' म्हणून खुशाल मिरवावा. राखावा मात्र 'आपला' म्हणून.