टाका घालायची घाई

मी शिरवळहून आलेय. विषय आहे डिजिटल चिकटवहीतले लेयर, आणि वेळ पाच मिनिटं. चित्रातली गोष्ट चित्राशिवाय सांगायची म्हणजे रेडिओवर रांगोळी काढण्यातलाच प्रकार. पण तुमच्यापैकी जे घरी बसून फोटोंची पानं जुळवतात, त्यांना लेयर म्हणजे काय हे मी सांगायला नको. मला एकच गोष्ट सांगायचीय, आणि ती मी दोनतीनदा सांगणार आहे, कारण ह्या बाबतीत कुणी ऐकत नाही. फाइल फ्लॅटन करू नका. पीएसडी ठेवा, जेपीजी द्या.

मी स्वतः कशी शहाणी झाले ते ऐका. नायगाव आमच्यापासून जवळ, सावित्रीबाईंचं जन्मगाव. एका 3 जानेवारीला शाळेतल्या मुलींना घेऊन गेलो होतो, फोटो झकास आले. मी हौसेनं पान केलं: बारा बाय बाराचं, कडेला पानाफुलांची वेल, मधे मुलींचा घोळका, आणि घोळक्यावरच ठळक अक्षरांत 'जन्म 1831'. काम झालं, फ्लॅटन केलं, जेपीजी केली, मूळ फाइल उडवली. जागा खाते ना! छापून भिंतीवर लागल्यावर एका चौथीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, 1813 का लिहिलंय?" आकडे उलटे पडले होते. बाईंचीच चूक, आणि तीही ह्या सनात! आता दुरुस्त कसं करणार? आकड्यांखाली मुलींचे चेहरे. आकडा खोडला की चेहरा जातो. शेवटी वर एक पिवळी पट्टी चिकटवून त्यावर बरोबर सन लिहिला. ते ठिगळ अजून भिंतीवर आहे.

आमच्याकडे वाकळ शिवायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. आई अंगणात खाली जुनं लुगडं पसरायची, त्यावर आजोबांची विरलेली धोतरं, मधे फाटकीतुटकी कापडं, वर पुन्हा एक चांगलं लुगडं. चार कोपऱ्यांवर चार दगड. मग ती उठून लांब जाऊन बघायची. परत यायची, एखादं धोतर ओढून सरळ करायची, एखादी सुरकुती हातानं काढायची. अख्खी दुपार ह्यातच जायची, सुई डबीतच. कारण एकदा धावदोरा पडला की आतली सुरकुती आतच राहते, आणि ती जन्मभर पाठीला टोचते. आणि तरी वाकळ उसवता येते हो! वेळ जाईल, पण उसवेल. फ्लॅटन करून बंद केलेली फाइल उसवत नाही.

फोटोशॉपला लेयर मिळाले ते 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी वर चिकटवलेलं चित्र खालच्यात मुरून जायचं. म्हणजे जी सोय मिळायला तेव्हाच्या लोकांना वाट बघावी लागली, ती आपण एका क्लिकमध्ये फेकून देतो.

आता लोक म्हणतात, फाइल जड होते. होते, कबूल. बारा इंचाचं पान तीनशे डीपीआयला धरलं तर 3600 गुणिले 3600, म्हणजे सव्वा कोटीहून जास्त ठिपके, आणि लेयर वाढतील तसा घरचा जुना संगणक धापा टाकतो. पण त्यावर उपाय सगळं शिवून टाकणं हा नव्हे. जे कायमचं ठरलंय तेवढंच एकत्र करा. वेलीची वीस पानं जागेवर बसली ना, मग त्या विसांचा एक लेयर करा. फोटो, त्याची चौकट आणि त्याची सावली कंट्रोल-जी दाबून एका ग्रुपमध्ये ठेवा. फोटो हलवला की सावली मागे राहिली, असं मग होत नाही. फोटो उजळायचा तर फोटोलाच हात लावू नका, वर अ‍ॅडजस्टमेंट लेयर घाला. हा झाला कच्चा टाका. आणि मजकूर कधीच, कधीच शिवू नका.

दुसरं, नावं. आईला वाकळीतला थर न् थर ठाऊक असायचा: हे आजोबांचं, हे थोरल्या वहिनींच्या डोहाळजेवणातलं. आपल्या फाइलीत काय असतं? 'लेयर 47 कॉपी 3'. सहा महिन्यांनी तुम्हीच ती फाइल उघडता आणि एकेक डोळा मिटून-उघडून शोधत बसता. लेयरच्या नावावर दोनदा क्लिक करा, 'आत्याचा फोटो' असं लिहा. पाच सेकंदांचं काम आहे, त्याचा कसला कंटाळा!

मराठी मजकुराचं तर वेगळंच दुखणं. जुन्या फोटोशॉपात ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, जोडाक्षरं सुटी होतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की तो फॉन्ट तिथे नसतो, आणि आत्याचं नाव इंग्रजी कचरा होऊन बसतं. म्हणून बरेच जण मजकुराचं चित्रच करून टाकतात. करा, पण आधी कंट्रोल-जे दाबून त्याची नक्कल करा, नकलेचं चित्र करा आणि मूळ मजकुराचा डोळा मिटून ठेवा. तो खाली झोपलेला असू दे. सन चुकला तर उठवता येईल. मला विचारा.

समोरून बोट दाखवताहेत, एकच मिनिट राहिलंय. क्लिपिंग मास्कबद्दल बोलायचं होतं, आमच्या सुभानमंगळ किल्ल्याच्या पडक्या अवशेषांचा फोटो त्यात कसा बसवला ते... ते राहू दे. जिंप हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे पीएसडीऐवजी एक्ससीएफ, बाकी माझं म्हणणं तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची ती जेपीजी, ठेवायची ती मूळ फाइल.

आणि घरातल्या लग्नाचा अल्बम ज्यांनी बाहेर करून घेतलाय, त्यांनी उद्याच त्या फोटोवाल्याला फोन करा. डिस्क भरली की जुनी लग्नं पहिली पुसली जातात. मूळ पीएसडी मागून घ्या, आणि जाताना पेनड्राइव्ह आपला न्या.