गळलेल्या पानांचे खत आणि यत्नाचार



फाल्गुन सरताना आपल्या भंडाऱ्यात आंबा, पिंपळ, सागाच्या पानांचा खच पडतो आणि तो पेटवून आपण मोकळे होतो. त्या पाचोळ्यात गोम, मुंगी, कोळी यांचा निवास असतो. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत दवाग्निदान आहे. ते केवळ वनापुरते कसे मानावे? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास ५,००० रुपये दंड ठरविला तो २०१६ साली, म्हणजे फारच अलीकडे.

शीघ्र खताची रीत सोपी आहे. पाने चुरून, हिरवे गवत व शेणकाला मिसळून तीन फूट लांब, रुंद व उंच ढीग रचावा. ओल पिळलेल्या धोतराइतकी असावी (कापडवाल्यास दुसरी उपमा कोठून सुचणार!). दर दोन-चार दिवसांनी उलथल्यास तीन-चार आठवड्यांत खत होते. परंतु असा ढीग आतून ५५-६० अंश तापतो, आणि फावड्याचा घाव कोणावर पडतो ते दिसत नाही.

म्हणून मला पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची 'नाडेप' पद्धत श्रेयस्कर वाटते. विटांच्या सच्छिद्र टाक्यात पाचोळा, शेणकाला व माती यांचे थर देऊन वरून लिंपावे. छिद्रांतून हवा खेळते, उलथावे लागत नाही. ९० ते १२० दिवस लागतात, लागोत. अंगण लहान असल्यास टाकेही लहान बांधावे. हिंसा तेथेही सर्वथा टळत नाही. पण आपण गृहस्थ, आपले व्रत अणुव्रत. पाने भरण्यापूर्वी प्रहरभर सावलीत पसरावीत, म्हणजे जीव आपल्या वाटेने निघून जातात. सूर्यास्तानंतर मात्र हे काम करू नये.