नादारीच्या अपिलातील नवा पुरावा



समजा, मसुऱ्यातील एका दुकानदाराने आपली आंब्याची कलमबाग शेजाऱ्यास विकली. पुढे दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावरून न्यायालयाने दुकानदारास नादार ठरविले. प्रांतिक नादारी अधिनियम, 1920 च्या कलम 53 अन्वये अशी विक्री रद्द होऊ शकते. सद्भावनेने व मोबदला देऊन खरेदी करणाऱ्यास मात्र संरक्षण आहे. (2016 ची नवी संहिता व्यक्तींच्या बाबतीत 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाली ती कंपन्यांच्या जामीनदारांपुरतीच.) शेजाऱ्याने रक्कम रोख दिली होती. पावती सापडली नाही, विक्री रद्द झाली आणि बाग धनकोंसाठी प्रापकाकडे गेली. पुढे आंगणेवाडीच्या जत्रेस मुंबईहून आलेल्या थोरल्या भावाच्या कागदांत ती पावती निघाली. अपिलात ती दाखल करता येईल काय?

सहजासहजी नाही. अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालविणे नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 27 ने यासाठी मोजक्याच वाटा ठेवल्या आहेत. घ्यावयास हवा होता असा पुरावा खालच्या न्यायालयाने नाकारला असल्यास, किंवा निकालासाठी वा अन्य सबळ कारणास्तव अपील न्यायालयासच त्याची गरज भासल्यास, तो घेता येतो. आणखी एक वाट 1976 च्या दुरुस्तीने आली आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडली तर तीच: योग्य दक्षता घेऊनही पुरावा ठाऊक नव्हता किंवा हजर करता आला नाही, हे त्याने सिद्ध करावयाचे.

खरी कसोटी या दक्षतेची. पावती कोणाजवळ होती, शोध केव्हा घेतला, कोणाकोणास विचारले, हे प्रतिज्ञापत्रात तारखांसह यावे लागते. कोकणातील घरांचे कागद मुंबईच्या बिऱ्हाडी असणे नवलाचे नाही. पण भाऊ जत्रेलाच येतो, एवढे कारण पुरणार नाही. त्यास पत्र का धाडले नाही, असा प्रश्न येणारच. वकिलाचा सल्ला चुकला ही सबबही चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये इब्राहिम उद्दीन प्रकरणात स्पष्ट केले. असा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीच्या वेळी विचारात घ्यावा, असेही त्याच निकालात सांगितले आहे.

अर्ज मंजूर झाला तरी सही खरी असल्याचे सिद्ध करावे लागते आणि प्रापकास ते खोडून काढण्याची संधी मिळते.

दुय्यम न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध ओरोस येथील जिल्हा न्यायालयात अपील करण्यास मुदत तीस दिवसांची आहे. तेथील आदेश अंतिम असतो. तो कायद्यास धरून आहे की नाही, एवढे उच्च न्यायालय पाहू शकते. त्यासाठी 18 ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गकरांना मुंबईऐवजी कोल्हापूरच्या खंडपीठाकडे जावे लागते.