भंगारातील धातू आणि विद्यापीठातील संशोधन
(विज्ञान मंडळाच्या उद्‌घाटन समारंभात केलेले भाषण)



विज्ञान मंडळाच्या व्यासपीठावर भूगोल शिकवणाऱ्या बी. ए. शिक्षकाचे काय काम, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. पण आजचा माझा विषय जितका प्रयोगशाळेचा आहे तितकाच बाजाराचा आणि मोहल्ल्याचाही आहे. जुने धातू पुन्हा वापरात आणण्याचे शास्त्र आणि त्या शास्त्राच्या संशोधनाला लागणारा पैसा, हा तो विषय होय.

भूगोलाच्या तासाला आपण लोखंड, बॉक्साइट, तांबे यांच्या खाणी नकाशात दाखवतो. भंगाराची खाण मात्र नकाशात दाखवलेली नसते. मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही त्या खाणीची ठिकाणे आहेत आणि तेथे राबणाऱ्या हातांत आपल्या समाजाचे हात फार आहेत. या धंद्याला कमी लेखण्याचे मुळीच कारण नाही. बॉक्साइटपासून नवे अ‍ॅल्युमिनियम काढण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा तयार होते. दारोदार फिरून फुटकी पातेली गोळा करणारा माणूस देशाची वीजच वाचवत असतो.

यावर कोणी म्हणेल, मग संशोधन कशाला हवे? भट्टी पेटवावी, धातू वितळवावा, काम झाले. तसे असते तर फार बरे झाले असते. मोडीत निघालेल्या मोटारीचा पत्रा वितळवताना त्यात तारांचे थोडे तांबे मिसळते. एकदा मिसळलेले तांबे पोलादातून सहजी निघत नाही आणि ते प्रमाणाबाहेर गेले की तापवून लाटताना पोलादाला तडे जातात. म्हणून असे पोलाद बांधकामाच्या सळईला चालून जाते, मोटारीच्या पत्र्याला चालत नाही. भेळ कालवणे सोपे असते. कालवलेल्या भेळेतून शेव, कुरमुरे आणि चटणी पुन्हा वेगळी करणे कठीण. मोबाइल फोन ही डझनावारी धातूंची अशी भेळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली ६० धातूंचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील ३४ धातूंचा, वापर संपल्यानंतर, एक टक्काही परत मिळत नव्हता.

जे परत मिळते ते कोणत्या किमतीला, हेही पाहिले पाहिजे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. त्यापैकी रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद २२.३ टक्क्यांचीच आहे. उरलेल्यातील बराच माल अशा वस्त्यांत जातो, जेथे तांब्यासाठी तारा व बोर्ड जाळतात आणि सोन्यासाठी ते उघड्या टबात आम्लात बुडवतात. धूर फुप्फुसात जातो, आम्ल गटारात जाते आणि शिसे मुलांच्या रक्तात उतरते. शिवाय सोन्याचा बराच भाग त्या आम्लाबरोबर वाहून जातो तो वेगळाच. म्हणजे आरोग्य गेले आणि मालही पुरता हाती आला नाही. हातातील कौशल्याला शास्त्राची जोड नसली की असे घडते. त्या कारागिराला दोष देऊन भागणार नाही. त्याला परवडेल अशी दुसरी रीत आपण दिलेली नाही.

अशी रीत विद्यापीठातून कशी निघते याचे एक उदाहरण देतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रा. रेक्स हॅरिस १९८० च्या सुमारास चुंबकांच्या मिश्रधातूंवर काम करीत होते. हा कठीण मिश्रधातू हायड्रोजन वायूत ठेवला की वायू शोषून फुगतो आणि आपोआप त्याचा भुगा होतो. नवी चुंबके बनवताना या गुणाचा उपयोग होऊ लागला. पुढे अनेक वर्षांनी त्याच विद्यापीठातील मंडळींनी हाच गुण जुन्या संगणकांच्या डिस्कमधील चुंबके सोडवून घेण्यासाठी वापरला. चुंबकाचा भुगा होतो, त्याचे चुंबकत्व जाते, तो चिकटून बसत नाही आणि गाळून वेगळा करता येतो. ना आम्ल, ना जाळपोळ. २०१८ साली या शोधावर हायप्रोमॅग नावाची कंपनी उभी राहिली. म्हणजे पहिल्या प्रयोगापासून कंपनी निघेपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे गेली! एवढा काळ त्या विभागाला वेतन, उपकरणे व विद्यार्थी मिळत राहिले म्हणून हे साधले. तीन वर्षांचे अनुदान देऊन चौथ्या वर्षी “फळ कुठे आहे?” असे विचारणाऱ्याला आंबा कधी मिळत नाही.

या चुंबकांचे महत्त्व किती, हे २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्याला कळून चुकले. चीनने काही दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्या वाहन कारखानदारांचीही धावपळ झाली.

पैसा उभा करण्याची आणखी एक रीत आहे. अमेरिकेत वूस्टर पॉलिटेक्निक आणि कोलोराडो स्कूल ऑफ माइन्स या संस्थांनी २०१० साली धातूंच्या पुनर्प्राप्तीसाठी एक संशोधन केंद्र काढले. त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने आरंभी मदत केली आणि कंपन्या दरसाल वर्गणी भरून सभासद झाल्या. कोणत्या प्रश्नावर काम व्हावे हे सभासदांनी सांगायचे, संशोधन विद्यार्थ्यांनी करायचे. मोहल्ल्यात वर्गणी काढून विहीर खोदावी आणि पाणी सर्वांनी भरावे, त्यातलाच हा प्रकार.

आता आपल्या देशाकडे वळू. २०२०-२१ साली संशोधनावरील आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातील उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा दहाव्या हिश्शाहूनही कमी होता. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मान्यता दिली, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याखाली संशोधनासाठी निवडलेल्या केंद्रांत मुंबईची आयआयटी आणि जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा यांचा समावेश आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुनर्चक्रीकरणाच्या कारखान्यांसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली व तिचा एक तृतीयांश भाग लहान व नव्या उद्योगांसाठी राखून ठेवला गेला.

पण हा पैसा मुख्यतः कारखान्यासाठी आहे. त्याचा लाभ गल्लीतील माणसाला व्हायचा असेल तर त्याच्या ऐपतीत आणि परवान्याच्या अटींत बसणारे तंत्र आधी तयार पाहिजे. शंभर कोटींच्या कारखान्याचे यंत्र लहान करून दहा बाय दहाच्या गाळ्यात बसत नाही. लहान भट्टीचा धूर कसा अडवावा, आम्लाऐवजी काय वापरावे, बोर्डावरील भाग न जाळता कसे सुटे करावेत, हे प्रश्न स्वतंत्र संशोधनाचे आहेत. ते राज्यातील विद्यापीठांनी घ्यावेत, त्यासाठी सरकारने आठ-दहा वर्षे टिकणारे अनुदान द्यावे आणि प्रश्न ठरवताना कारागिराला शेजारी बसवावे, ही माझी मुख्य मागणी आहे.

“शाळेच्या वर्गाला छप्पर नाही, तेथे संशोधनाला पैसा कुठून आणायचा?” ही शंका खोटी नाही. पण १९२० साली मुंबईत उघडलेल्या विज्ञान संस्थेच्या देणगीदारांची नावे आठवा: सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहीम आणि सर वसनजी मुळजी. पारशी, यहुदी, मुसलमान आणि हिंदू अशा चौघांनी हातभार लावला, तेव्हाही गरिबी काही कमी नव्हती. आज भंगाराच्या व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीतून वर्षाला एका विद्यार्थ्याची संशोधनवृत्ती चालवली, तर ते दान तर होईलच, आणि धंद्यातील शहाणी गुंतवणूकही ठरेल.

विद्यार्थी मित्रहो, मुंबईच्या आयआयटीत, पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्र शिकवले जाते. डॉक्टरकी आणि संगणक यांपलीकडेही विद्या आहे. ज्यांच्या घरी भंगाराचा धंदा आहे त्यांनी तो सांगताना मान खाली घालू नये. तांबे कोणते, पितळ कोणते, हे हातात घेताच ओळखणारी नजर तुम्हाला घरातूनच मिळाली आहे. तिला रसायनशास्त्राची जोड द्या. वडील ज्या धुरात उभे राहिले तो धूर विझवण्याचा शोध त्यांच्याच मुलाने किंवा मुलीने लावावा, यापेक्षा मोठी अपेक्षा या मंडळाकडून मी करीत नाही.

विज्ञान मंडळाचे उद्‌घाटन झाले असे जाहीर करतो. जय हिंद!