चिऱ्याच्या मापाचा साचा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा सावरून)



कमिटीने मला 'सोसायटीच्या आठवणी' असा विषय दिला होता. आठवणी सांगणारे इथे माझ्यापेक्षा सरस लोक बसले आहेत, आणि स्मरणिकेत त्यांचे लेख आहेतच. मी बोलणार आहे ते पंपरूममध्ये मोटारीच्या मागे, गोणपाटाखाली पडलेल्या दोन लोखंडी पेट्यांबद्दल. गेल्या सभेच्या अजेंड्यावर त्या 'भंगार साहित्याची विल्हेवाट' या कलमाखाली होत्या. त्याच अजेंड्यावर पुढे हॉल पाडून नवा बांधायचा की आहे त्याला खोली जोडायची, हे कलम होतं. दोन्ही कलमं तहकूब झाली. माझ्या मते ही दोन्ही कलमं मिळून एकच आहे, म्हणून हा प्रपंच.

आपला हॉल म्हणजे प्लॉटवर आधीपासून असलेलं चिऱ्याचं घर. नव्या पिढीला सांगतो, चिरा म्हणजे खाणीतून कापून काढलेला जांभ्या दगडाचा ठोकळा. आपलं पूर्णगड जांभ्यावरच उभं आहे. मुचकुंदीच्या मुखावरचा किल्ला बघा, त्याच्या तटाला जांभाच आहे. बुकानन नावाचा एक स्कॉटिश अंमलदार १८०० साली मलबारात हिंडत होता. तिथल्या अंगाडीपुरमला लोक हा दगड जमिनीतून विटेसारखा कापून काढतात हे पाहून त्याने त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. १८०७ साली त्याचं पुस्तक निघालं आणि आपला जांभा जगाच्या भूगोलात गेला. जमिनीत असताना मऊ, कापता येण्याजोगा, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की कडक होत जाणारा. म्हणून जुनी माणसं चिरा खाणीतून आणला की लगेच भिंतीत घालत नसत.

मग २००० साली आपण हॉलची पश्चिमेची भिंत चिऱ्याची का नाही बांधली? त्या वर्षी मिळणारा चिरा चांगला नव्हता. मातीचे डोळे असलेला, पावसात पाणी पिणारा. पश्चिमेची बाजू म्हणजे समुद्राचा वारा आणि आडवा पाऊस थेट अंगावर. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा ठरलं, की काँक्रीटचे ब्लॉक घ्यायचे. आणि प्रश्न आला मापाचा.

बाजारात मिळणारा ब्लॉक ३९० बाय १९० मिलिमीटरचा. हे आकडे विचित्र वाटतात, पण हिशेब सरळ आहे. दहा मिलिमीटरची दर्ज धरली की ४०० बाय २०० होतं. नव्या बांधकामाला उत्तम. पण जुन्या चिऱ्याच्या भिंतीला तो जोडायचा, तर थर जुळत नाहीत. एका बाजूचा थर दुसऱ्या बाजूच्या पोटात येतो, सांध्यात दात बसत नाहीत, आणि तिथेच पहिल्या पावसाळ्यात चीर पडते.

मी तेव्हा बँकेत होतो. व्हीआरएस पुढच्या वर्षी घेतली. १९९३ साली प्रधानमंत्री रोजगार योजना सुरू झाल्यापासून माझ्या टेबलावर ब्लॉक बनवण्याच्या धंद्याचे अर्ज बरेच आले होते. सगळ्या कोटेशनांत मिक्सरची किंमत ठळक आणि साचा शेवटच्या ओळीत. मी मात्र साच्याबद्दलच विचारायचो, कारण कर्जाचा हप्ता साच्यातून निघतो. कसा, ते पुढे सांगतो.

तर आम्ही काय केलं, जुन्या भिंतीचे दहा थर टेपने मोजले. सहा फूट तीन इंच भरले. दहाने भागलं, साडेसात इंच. म्हणजे थर १९० मिलिमीटरचा, त्यातून दर्ज वजा करून ब्लॉकची उंची १८०. भिंतीची जाडी नऊ इंच, म्हणजे २३०. लांबी चिऱ्यांची एकसारखी नव्हतीच, कुठे पावणेचौदा, कुठे साडेचौदा. आम्ही ३५० धरली. सुटा चिरा मोजून माप ठरवलं असतं तर फसलो असतो. लांबीतला फरक दर्जेत जिरतो, उंचीतला जिरत नाही, तो थरागणिक वर चढतो. एका ब्लॉकला तीन मिलिमीटर जास्त, तर सोळा थरांत जवळजवळ पाच सेंटिमीटर. आपल्याकडच्या मानकातही लांबीत पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, उंची आणि रुंदीत फक्त तीन.

आता या मापाचा भरीव ब्लॉक केला तर? साडेचौदा लिटर काँक्रीट, वजन सुमारे बत्तीस किलो. नमुन्याचा एक तसा पाडला होता. गवंड्याने तो उचलला, ठेवला आणि म्हणाला, "सायेब, ह्यो दिवसातनं शंभर वेळा उचलायचा कुनी?" उचलणार होत्या दोन बाया, तिसऱ्या-चौथ्या थरापासून परांचीवर. म्हणून आत दोन पोकळ्या ठेवल्या, प्रत्येकी १०५ बाय ११५ मिलिमीटरच्या. तीस टक्के पोकळी, वजन बावीस किलोवर. बावीस किलोही कमी नाही. पण त्या बायांनी आठवडाभरात परत 'कमी करा' म्हटलं नाही, हे मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलंय.

साचा आपल्या इथल्याच एका वर्कशॉपवाल्याने बनवला. एरवी तो मच्छीमारांच्या बोटींची लोखंडी कामं करायचा. हाताला सफाई होती, पण पहिल्या साच्याचे गाभे त्याने अगदी सरळ केले, वरखाली एकच माप. पोकळी ज्यामुळे पडते त्या आतल्या लोखंडी ठोकळ्याला मी गाभा म्हणतोय. साचा वर उचलला की मधली भिंत त्याच्याबरोबर वर ओढली जायची आणि तडकायची. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी शेजारची मुलं पुळणीवर पेल्याने वाळूचे बुरूज पाडत होती, ते त्याला दाखवलं. पेला उपडा केला की वाळू अलगद सुटते. तांब्या उपडा करून बघा, सुटत नाही. साचा नेहमी सुटण्याच्या दिशेने मोकळा होत गेला पाहिजे. आपली पेटी वर उचलायची, तेव्हा गाभा वर जाड आणि खाली तीन-चार मिलिमीटर बारीक हवा, आणि बाहेरची पेटी उलट, खाली केसभर मोठी. त्याने ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाला, "मग हे आधी सांगायचं!" आधी कोणाला माहीत होतं?

या निमुळतेपणाचा एक फायदा गवंड्याच्या कामाचा. ब्लॉक पाडताना खालची कडा जाड येते, वरची पातळ. भिंतीत लावताना ब्लॉक उलटा करायचा, जाड कडा वर. म्हणजे माल पसरायला जागा मिळते. आणि माल पसरायचा तो फक्त पुढच्या आणि मागच्या लांब कडांवर, मधल्या आडव्या भिंतींवर नाही. बाहेरच्या कडेतून पाणी शिरलं, तर आत यायला त्याला पूल मिळत नाही. ते पोकळीतून खाली उतरतं, आणि तळाच्या थरात ठेवलेल्या बारीक भोकांतून बाहेर. गवंडी सवयीने सगळीकडे माल थापायचा. त्याला थांबवायला मी रजा काढून समोर खुर्ची टाकून बसलो होतो. आमच्या सौ. अजून त्या खुर्चीचा उल्लेख करतात.

वेल्डिंगचे टाके सगळे पेटीच्या बाहेरून. आत टाका आला की ब्लॉकच्या अंगावर ओरखडा उठतो आणि पेटी अडकते. प्लेटा आधी कोनात घट्ट आवळायच्या आणि टाके आलटून पालटून मारायचे, नाहीतर तापून पेटी वाकडी होते. अर्ध्या ब्लॉकसाठी दुसरी पेटी केली. ती १७५ची नाही, १७०ची, कारण दोन अद्ध्यांच्या मध्ये एक दर्ज येते. अशा त्या दोन पेट्या.

काँक्रीट कोरडं लागतं. मुठीत दाबलं की लाडू वळला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये. पेटीला आतून काळं ऑइल, दोन खेपांत भरणं, धुमसाने ठोकणं, आणि साचा सरळ वर. ब्लॉक फळीवर तसाच उभा राहतो. अमेरिकेत हार्मन पामर नावाच्या माणसाने १९०० साली असल्या हातसाच्याचं पेटंट घेतलं, आत-बाहेर होणाऱ्या गाभ्यांसकट. आज कारखान्यात धुमसाच्या जागी कंपन आलं, मशीन पुढे सरकत जमिनीवर अंडी घातल्यासारखे ब्लॉक घालत जातं, पण पेटी आणि गाभा तेच आहेत. खाडीची वाळू आम्ही घेतली नाही, खारेपणाने लोणा फुटतो. खडी, कच आणि गोड्या पाण्याची वाळू घेतली. चौदा दिवस गोणपाट ओलं ठेवलं, मग चार आठवडे सावलीत वाळवलं. ताजा ब्लॉक लावला तर तो भिंतीत आकसतो. घाई करणारे तेव्हाही होते, नावं घेत नाही, पुढच्या रांगेत बसलेत.

आता हप्त्याची गोष्ट. वाळू-खडीने साचा आतून झिजतो. समजा, लांबी-रुंदीत तीन-तीन मिलिमीटर झिजला. डोळ्याला दिसत नाही. पण आपल्या मापाच्या हजार ब्लॉकमागे एकतीस ब्लॉकांचं काँक्रीट जास्त जातं, गाभ्याची झीज वेगळीच. गिऱ्हाईक पैसे हजाराचेच देतं. सिमेंटचं बिल वाढतं आणि मालकाला वाटतं कामगार चोरी करतात. एका तरुणाचं खातं असं थकलं होतं. वसुलीला गेलो, त्याच्याकडे साधी लोखंडी पट्टी मागितली आणि साचा मोजला. आत नवी पट्टी ठोकून घेतल्यावर त्याचा हिशेब जागेवर आला. कर्ज फिटलं त्याचं. नोटीस काढली असती, तर बँकेच्या हातात एक मिक्सर आला असता आणि त्याच्या घरची चूल बंद झाली असती.

तर सभासदहो, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा हॉलची कौलं उडाली. पश्चिमेची भिंत आणि तिचा चिऱ्याशी असलेला सांधा आजही जाऊन बघा. हॉल पाडायला निघालेल्यांचा मुद्दा मला कळतो. नवीन हलके एएसी ब्लॉक पटकन येतात, काम लवकर उरकतं, आणि मुंबईत ते चांगले चालतातही. पण ते पाणी शोषतात, त्यांना बाहेरून गिलावा अखंड ठेवावा लागतो, आणि समुद्राच्या तोंडावर दर दोन-तीन वर्षांनी तो कोण बघणार? आपल्यातले निम्मे सत्तरीच्या पुढचे आहेत. शिवाय पाडलेला चिरा परत कोणी आणणार नाही. माझं मत खोली जोडण्याचं आहे, याच साच्यातून ब्लॉक पाडून. शंभर चौरस फूट भिंतीला १३६ ब्लॉक लागतात. खोलीला किती लागतील ते काढून दिलंय, अंदाजपत्रक सेक्रेटरींकडे आहे. मत देण्याआधी वाचा, एवढंच.

पेट्या मी गेल्या आठवड्यात बाहेर काढून मोजल्या. मोठी पेटी लांबीत दोन मिलिमीटर झिजली आहे, अद्धा जवळजवळ जसाच्या तसा. एका गाभ्याला गंज चढलाय, तो बदलावा लागेल. वर्कशॉप आता त्या गृहस्थांचा मुलगा चालवतो, त्याला बोलावलंय. येत्या रविवारी सकाळी आठला, ऊन चढायच्या आत, हॉलच्या दक्षिण बाजूचे थर मोजायचे आहेत. टेप माझ्याकडे आहे. शिडी धरायला दोन तरुण हवेत.