भरतकामातले आपले रान

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्या व कार्यानुभव विषयाचे शिक्षक यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुईदोऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा येथे बसलेल्या अनेक भगिनींना अधिक आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. माझे काम प्रसिद्धीचे. त्या कामानिमित्त गोव्यातील शाळांची व महिला मंडळांची प्रदर्शने पाहण्याचा योग वारंवार येतो. तेथे जे पाहिले, आणि जी एक चूक माझ्या हातून घडली, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

रानातील देखावा हा भरतकामाचा आवडता विषय आहे. झाडाखाली ससा बसला आहे, घुबडाने चष्मा लावला आहे, बेडकाने अळंबीची छत्री धरली आहे, असे कौतुकाचे रान मुलींना फार आवडते. आवडावेच. परंतु बहुतेक रुमालांवर मला सूचिपर्णी झाडे दिसली आणि त्यांच्या पायथ्याशी पांढऱ्या ठिपक्यांची लालभडक अळंबी दिसली. ही अळंबी थंड प्रदेशात भूर्ज आणि पाइन वृक्षांच्या सोबतीने उगवते. आपल्या सह्याद्रीच्या उतारावर ती मुलींनी पाहिली असण्याचा संभव नाही. छापील नमुना जसा मिळाला तसा त्यांनी उतरवला. दोष मुलींचा नाही. त्यांना दुसरे रान कोणी दाखवले नाही.

वास्तविक आपल्या घरातील स्त्रीला रानाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधली जाते, तेव्हा कांगलांचे नारिंगी घोस, आंबाडे, सुपारीचा घड आणि कितीतरी रानफळे तिच्या हाताखालून जातात. पावसाळ्यात रोयणीवर उगवणारी अळमी तिला दुरून ओळखता येते. ही ओळख कापडावर का उतरू नये? घुबडाचा चष्मा खुशाल राहू द्या. पण ते घुबड ज्या फांदीवर बसले आहे ती फांदी आपल्या झाडाची असू द्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कापड पांढरे किंवा फिक्या रंगाचे, घट्ट विणीचे सुती घ्यावे. केसमेंट चालते, जाड पॉपलीनही चालते. ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नाहीतर काम झाल्यावर कापड आटते आणि चित्राला चुण्या पडतात. दोरा सहापदरी सुती घ्यावा व त्याचे पदर सुटे करून वापरावेत. प्राण्याच्या तोंडासाठी एक पदर, पाने व देठ यांसाठी दोन, बुंध्यासाठी तीन किंवा चार. दोरा एका हातापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असे वाटते. परंतु तो कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन झिजतो, त्याची चकाकी जाते आणि गुंता होतो तो वेगळाच.

चित्र मागून पुढे भरत यावे. दूरच्या झाडांना निळसर, फिका हिरवा रंग, एक पदर आणि साधा धावदोरा पुरे. जवळ येऊ तसा हिरवा रंग पिवळसर व ठळक होत जावा आणि टाका भरीव व्हावा. एकाच हिरव्या लडीने सारे रान भरले तर ते गवताच्या गंजीसारखे दिसते. किमान चार हिरवे हवेत. आणि वसंतातली झाडे असतील तर कुसुंबाच्या कोवळ्या पानांचा तांबूस रंगही हवा.

बुंध्यासाठी देठटाक्याच्या उभ्या ओळी एकमेकींना चिकटवून घालाव्यात. आपल्या माट्टीच्या झाडाची साल सुसरीच्या पाठीप्रमाणे चौकटी-चौकटींनी भेगाळलेली असते. राखी व तपकिरी ओळींवर गडद रंगाच्या लहान आडव्या टिपा घातल्या की ती साल हुबेहूब उतरते. लहान पानांना सुटी साखळी, मोठ्या पानांना भरीव टाका. कांगलांचे घोस गाठीच्या टाक्याने इतके सुरेख होतात की तो टाका जणू त्यांच्यासाठीच निघाला असावा. रोयणीचा मातकट उंचवटा तपकिरी गाठींनी दाट भरावा आणि त्यावर अळमीच्या मळकट पांढऱ्या छत्र्या भरीव टाक्याने काढाव्यात.

प्राण्यांत गवा अवश्य घ्यावा. तो आपला राज्यप्राणी आहे. त्याचे काळसर अंग लांब-आखूड टाक्याने, केसांच्या दिशेने भरावे. गुडघ्याखाली त्याचे पाय पांढुरके असतात. मुले त्याला मोजे घातले असे म्हणतात, आणि चित्रातील गंमत तेथे आयतीच मिळते. सह्याद्रीच्या रानातले एक मोठे, पांढरे, काळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू कागदाच्या कपट्यासारखे तरंगत जाते. ते काढायचे तर मागे गडद हिरवी झाडी हवी. पांढऱ्या कापडावर पांढरे पंख दिसणार नाहीत. मृगाच्या सुमारास झाडावर लुकलुकणारे काजवे पिवळ्या गाठींनी दाखवता येतात. मात्र सर्व गाठी शेवटी घालाव्यात. आधी घातल्यास रिंगेखाली त्या चेपतात. काम संपल्यावर जाड टॉवेलवर कापड पालथे ठेवून मागच्या बाजूने इस्त्री करावी.

मागची बाजू हीसुद्धा कामाचीच बाजू असते. बेळगाव-धारवाडकडील भगिनी इरकली लुगड्यावर कसुतीचा कशिदा काढतात. त्या कापडावर चित्र उतरवून घेत नाहीत, ताणे-बाणे मोजून टाका घालतात, गाठ मारत नाहीत. आणि त्यातील गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. आपले रानाचे चित्र त्या पद्धतीचे नाही. तरीही ती शिस्त आपण घ्यावी.

आता त्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी भरतकामावरील एक माहितीपत्रक मी तयार केले. टाके, रंग, कापड, सारे त्यात होते. ते वाचून एका खेड्यातील भगिनीने रानाचा मोठा देखावा भरला. रोज दोन तास, सहा आठवडे. म्हणजे ८४ तासांचे काम. प्रदर्शनात तो विकला गेला, त्याचे छायाचित्रही मी प्रसिद्धीस दिले. पहिल्याच धुण्यात फुलांचा लाल रंग सुटला आणि गव्याचे पांढरे पाय गुलाबी झाले. ग्राहकाने कापड परत आणले. त्या भगिनीने एक शब्दही न बोलता पैसे परत केले आणि पुढे वर्षभर सुई हातात धरली नाही. दोऱ्याच्या रंगाची आधी परीक्षा घ्यावी, हे एक वाक्य माझ्या पत्रकात नव्हते.

परीक्षा अगदी सोपी आहे. प्रत्येक लडीचा, विशेषतः लाल, निळ्या व काळ्या लडीचा, वीतभर तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवावा. फडक्यावर डाग उतरला, तर ती लडी या कामाला घेऊ नये. यास दहा मिनिटे लागतात. ८४ तासांपुढे दहा मिनिटे काहीच नाहीत.

शिक्षकांना एक विनंती. नमुना देण्यापूर्वी मुलींना व मुलग्यांनाही जवळच्या रानात किंवा देवराईत न्यावे, एक पान, एक साल नीट पाहू द्यावी, तिचे गावातले नाव विचारू द्यावे. जे झाड मूल टाक्याटाक्याने भरते, ते त्याच्या विस्मरणात सहसा जात नाही. आणि मंडळांना विनंती अशी की कामाचे तास वहीत नोंदवावेत. किंमत सांगताना दोऱ्याचा व कापडाचा खर्च आपण धरतो, आपले तास धरत नाही. मग फावल्या वेळेचे काम म्हणून लोक ते मातीमोल मागतात.

ज्या भगिनीविषयी मी बोललो, तिने पुढे पुन्हा सुई हाती घेतली. आज ती आपल्या गावातील मुलींना शिकवते, आणि पहिल्या दिवशी त्यांना ते डागाळलेले कापडच दाखवते. तिच्या अनुमतीने ते आज समोरच्या मेजावर ठेवले आहे. बाकीची सुंदर कामे पाहण्यापूर्वी आपण सर्वांनी ते एकदा पाहावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.